खिडकीकडचा खोका

माझ्या थोरल्या मुलाला, रमाकांतला, पहिला मुलगा झाला ते दोन हजार चार साल. सून बाळंतपणाला माहेरी, नेरूरला गेली होती आणि बारसं रविवारी करायचं ठरलं होतं. त्याच्या आधीच्या बुधवारी दुपारचं जेवण उरकून मी दळवीशेठच्या रिसॉर्टवर पोहण्याच्या तलावाच्या काठावर बिडी ओढत बसलो होतो. तेवढ्यात बस्त्यावनं हाक मारली.

"भिवा, हय ये बघू. ह्या चेंबरात शिरको कोणी सांडल्यान?"

बस्त्याव फर्नांडिस आमच्याच वाडीचा, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं एकाच खाडीत पोहायला शिकलो आणि आंबे चोरल्याबद्दल एकाच बागवाल्याच्या काठ्या खाल्ल्या. आधी तो माडावर चढून माडी काढायचा. गुडघे गेल्यावर शेठनं त्याला तलावाची राखण दिली. त्याची बायको आनमारी माडीचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायची, त्यामुळे त्या वासात त्याला कोणी फसवू शकलं नसतं.

"शिरको हय खंयसून येतलो?" मी बसल्याजागेवरून म्हटलं. "सिलिकॉनचो वास तो. परवा भरलंय मी."

"माका शिकवतंस? माझ्या घरातल्या बरणीचो वास हो."

चेंबर म्हणजे तलावाच्या कडेला जमिनीत बांधलेली हातभर खोल कुंडी, वर लोखंडी झाकण. घरातला पूर्ण करंट तिथपर्यंत यायचा, कुंडीतल्या डब्यात उतरून बारीक व्हायचा आणि मग पाण्याखालच्या सहा दिव्यांना जायचा. डबा भिंतीवर उंच बसवा, असं इंजिनियर बाईंचं म्हणणं होतं. शेठना वर काही दिसायला नको होतं. शेवटी बाईंनी ऐकलं, पण डब्याचं तोंड आणि वायरचा जोड असा बंद करायचा की खाऱ्या हवेलाही वाट राहणार नाही, या अटीवर. ते काम माझं होतं.

बस्त्याव पोटावर आडवा झाला आणि कुंडीत हात घालून त्यानं कागदाचा एक बोळा वर काढला. मांडीवर ठेवून सरळ केला. तो मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेला. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"'ही नळी फक्त टाइल्सच्या फटींसाठी. वायरला लावू नये. सबनीस.'" आणि हसला. "बाईन गवंड्याक लिवल्यान वाटता. तुझ्या चेंबरात कसो इलो हो कागद?"

माझी बिडी बोटातच विझली.

सबनीस बाई पुण्याच्या. वय तिशीचं असेल. बोलणं भरभर, पण प्रत्येक गोष्ट हातात घेऊन दाखवायच्या. शेठना गोव्यात पाहिला तसा खाऱ्या पाण्याचा तलाव हवा होता, खाडीचं पाणी पंपानं ओढून भरलेला. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "गोड्या पाण्यात एखादी चूक खपून जाते. खारं पाणी चूक खपवत नाही. ते तांबं खातं, लोखंड खातं आणि करंट लांबवर घेऊन जातं."

ऑफिसच्या खिडकीत त्यांनी काचेचे दोन ग्लास मांडले. दोन्हीत खाडीचं पाणी, दोन्हीत तांब्याच्या वायरचा एकेक तुकडा. एका तुकड्याला एका प्रकारचं सिलिकॉन फासलेलं, दुसऱ्याला दुसऱ्या. वीस दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि ब्लेडनं दोन्हीवरचं सिलिकॉन सोललं. एक तार निघाली ती नव्यासारखी. दुसरी हिरवी, शेवाळ धरल्यासारखी.

"बघा भिवादादा. वरून दोन्ही सारखीच दिसत होती ना? हे दुसरं सुकताना आम्ल सोडतं. टाइल्सना काही होत नाही, स्वस्त पडतं, म्हणून गवंड्यांना ते दिलंय. वायरवर लावलं तर आतून तांबं खातं, आत पोकळ होतं आणि त्या पोकळीत खारं पाणी शिरतं. नळ्या दोन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या. म्हणून मी प्रत्येक नळीला चिठ्ठी गुंडाळलीय. मराठीत, मोठ्या अक्षरात. तुमचा चष्मा घरी राहिला तरी वाचता येईल."

चष्मा घरी राहिला, हे माझं नेहमीचं वाक्य होतं. बाईंनी ते मनावर घेतलं होतं.

"चिठ्ठी वाचल्याशिवाय नळी उघडायची नाही. कळलं ना?"

"कळला, बाई."

एकोणपन्नास वर्षांचा होतो मी, आणि एकही अक्षर मला येत नव्हतं. सही तेवढी चित्रासारखी घोटून घेतली होती. तीस वर्षं वायरमनकी केली ती रंगावर, जागेवर आणि बोटं मोजून. कुठली वस्तू कुठं ठेवली, हे मी कधी विसरायचो नाही. बाईंनी दोन खोके कोठारात ठेवले तेव्हाच मी मनाशी बांधून घेतलं होतं. खिडकीकडचा खोका माझा, दाराकडचा गवंड्यांचा.

शनिवारी गवंड्यांनी कोठार झाडलं. खोके उचलले आणि झाडून झाल्यावर पुन्हा ठेवले.

सोमवारी मी खिडकीकडच्या खोक्यातून नळ्या घेतल्या, चिठ्ठ्या ओढून टाकल्या आणि काम केलं. इतकं सुबक केलं की बस्त्यावला बोलावून दाखवलं होतं. मंगळवारी तलाव भरला.

"भिवा," बस्त्याव आता हसत नव्हता. "ही चिठ्ठी तू फाडलंस?"

"होय."

"वाचलंस नाय?"

मी त्याच्या मांडीवरची चिठ्ठी उचलून खिशात घातली.

"पन्नास वर्षा होत इली, तुझ्यावांगडा हिंडतंय मी. सकाळी चायच्या टपरीवर पेपर घेऊन बसतंस, ता काय मगे? चित्रां बघतंस?"

"चित्रां," मी म्हटलं.

त्याला हसू फुटलं. मग त्यानं माझं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं.

"आता काय करूचा?"

"खरवडून काढूचा. दुसऱ्या खोक्यातला भरूचा."

आम्ही कोठारात गेलो. दाराकडच्या खोक्यात रिकाम्या, पिळून चपट्या झालेल्या नळ्या होत्या. बिनवासाचं, महागाचं, वायरसाठीचं सगळं सिलिकॉन टाइल्सच्या फटींत गेलं होतं. तसलं मालवणात मिळत नव्हतं, कुडाळातही नाही. मी दुकानातून कोल्हापूरला फोन लावला. माल सोमवारच्या गाडीनं येईल म्हणाले.

"सोमवारपर्यंत वायरच काढून ठेव मगे," बस्त्याव म्हणाला. "बोर्डावर दोन स्क्रू तर असतत. ढिले कर नि वायर भायर घे. करंटच येवचो नाय चेंबरात."

"शेठ विचारतलो, कित्याक काढलंस?"

"सांग मगे."

"काय सांगू? माका अक्षर येणा नाय म्हणान? बस्त्याव, उद्या गावभर होतला. माझ्या हातात वायर देतलो कोण? आणि व्याही? सुनेच्या घरचे? रविवारी बारसा असा."

"मेल्या, पोरां उतरतली रे पाण्यात."

"दिवे लावूक देवचंय नाय मी. तुझ्या पायां पडतंय. कोणाक सांगू नको."

मी खरंच वाकलो. त्यानं मला दंडाला धरून वर ओढलं. गळ्यातला क्रूस ओठांना लावला. "सायबिणीची आण," तो म्हणाला. सायबीण म्हणजे त्यांची मारियामाता. "माझ्या तोंडातसून भायर पडाचा नाय. पण तू आत्ताच्या आत्ता जा आणि शेठाक सांग."

दळवीशेठ ऑफिसात पाहुण्यांची यादी करत होते. मी दारात उभा राहिलो.

"शेठ, तलावातले दिवे सोमवारपर्यंत लावूक नको."

"का?"

"जोडावरचो मसालो सुकूक नाय अजून. हवा ओली."

"अरे, रविवारी उद्घाटन आहे! पंचवीस माणसं येतायत मुंबईहून. मी त्यांना निळा तलाव दाखवणार म्हणून सांगितलंय, तू अंधार दाखव म्हणतोस?"

"दिवसाचा पोहूदेत. एका दिवसाचो तर प्रश्न."

शेठनी कपाळाला हात लावला आणि सरळ पुण्याला फोन जोडला. दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात दिला.

"भिवादादा?" बाईंचा आवाज अगदी जवळ आला. "सुकलं नाही म्हणजे काय? चोवीस तासांत सुकायला हवं. कसला वास येतोय का?"

फोन खिडकीजवळच होता. ते दोन ग्लास अजून तिथंच होते. हिरवी तार पाण्यात तिरकी पडली होती. त्या वेळी माझ्या हाताला तोच वास होता. फोन कानाला लावला तसा तो नाकाशी आला.

"वास? नाय बाई. काय वास नाय."

"चिठ्ठी बघूनच वापरलंत ना?"

"होय, बाई."

"मग ठीक आहे. थंडीत लागत असेल वेळ. तुम्ही केलंय ना, मग मला काळजी नाही. फक्त एक. तो गळती धरणारा स्विच बसवलाय, तो जर आपोआप पडला, तर कोणी त्याच्याशी खेळ करायचा नाही. मला फोन करायचा. शेठना सांगा तुम्हीही."

"सांगतंय."

शेठनी पुढं एक कागद सरकवला. बाईंनी पाठवलेला. ठरवलेलंच सामान वापरलं, असं त्यावर लिहिलेलं आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. मी खिशातलं पेन काढलं आणि माझं नाव काढलं, चित्रासारखं.

बाहेर येऊन बोर्डाच्या खोलीत तलावाचा स्विच खाली ओढला आणि त्याच्यावर लाल फडकं बांधलं. दोन स्क्रू माझ्या नाकासमोर होते. टेस्टर खिशात होता. मागे शेठ उभे होते, "बारशाला पेढे आण रे" म्हणत. मी बोर्डाचं दार लावून घेतलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. दुसरीकडची कामं सोडून रोज दोनदा मी फडकं बघायला जायचो. फडकं जागेवर असायचं. घरी जेवताना घास तोंडात फिरायचा. बायको म्हणाली, आजोबा झालास तर तोंड कित्याक पाडलंस? शनिवारी मी बस्त्यावला म्हटलं, मी बारशाला जात नाही.

"नातवाचा बारसा नि आजो तलाव राखता? जा गप," तो म्हणाला. "मी असंय हय. दिवे लागले तर पयली माझी शिटी वाजतली. एक पोर पाण्यात रवाचा नाय."

नेरूरला पाळणा सजवला होता. बायका गाणी म्हणत होत्या. विहीणबाईंनी ज्योतिषाचा कागद आणून माझ्या हातात दिला. "व्याही, तुम्हीच वाचा काय अक्षर निघालंय ते. आजोबांचा मान."

"चष्मो घरी रवलो," मी म्हटलं.

कोणीतरी दुसऱ्यानं वाचलं. हर्षद नाव ठेवलं. पोर माझ्या मांडीवर दिलं तेव्हा व्होल्टेज कमी झालं आणि माजघरातला बल्ब एकदा मंद होऊन पुन्हा लागला. एवढ्यानं मी असा दचकलो की पोर रडायला लागलं. पान वाढलेलं तसंच ठेवून मी उठलो. बरं वाटत नाही म्हणालो. ते खोटं नव्हतं. अडीचची एसटी मिळाली.

खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावर पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. होडीत मी एकटाच. म्हातारा होडीवाला सावकाश वल्ही मारत होता. वळण घेतलं आणि पलीकडच्या काठावर रिसॉर्ट दिसलं.

तलाव निळा झाला होता. माडांच्या बुंध्यांवर खालून निळा उजेड पडला होता आणि हलत होता.

"काय झळाळता बघ," होडीवाला म्हणाला. "तुझीच करामत ना रे, भिवा?"

"बेगीन मार."

"मारतंय. कसली घाई?"

"बेगीन मार रे!"

मी त्याच्या हातातलं एक वल्हं हिसकावून घेतलं. लांबून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. आनंदाचा होता की कसला, ते कळत नव्हतं. मग शिटी ऐकू आली. एक लांबलचक शिटी, मग दुसरी, मग तिसरी. पोरांचा आवाज थांबला.

आम्ही खाडीच्या मध्यावर होतो तेव्हा दिवे गेले. निळा उजेड एका क्षणात नाहीसा झाला.

"गेली लाइट," होडीवाला म्हणाला.

पण लाइट गेली नव्हती. रिसॉर्टच्या पडवीतले बल्ब तसेच जळत होते. फक्त तलाव काळा पडला होता. म्हणजे कोणीतरी तलावाचाच करंट तोडला होता. माझ्या हातातलं वल्हं सुटलं. मी होडीत बसल्याबसल्या हात जोडले. सुटलो, असं मी मोठ्यानं म्हटलं. होडीवाल्यानं ते ऐकलं. आयुष्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. धक्क्याला लागेपर्यंत मला तसंच वाटत होतं.

पुढचं मला रिसॉर्टच्या आचाऱ्यानं सांगितलं. दुपारी शेठनी लाल फडकं सोडून स्विच वर केला. तो लगेच पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. शेठनी बाईंना फोन केला नाही, कुडाळहून दुसरा वायरमन बोलावला. त्यानं चेंबर उघडलंही नाही. स्विचच खराब आहे म्हणाला, आणि स्विच मधून वगळून वायर थेट जोडून दिली. "भिवा सोमवार म्हणाला होता, आज रविवार. एका दिवसानं काय होतंय?" असं शेठ म्हणाले. ते माझंच वाक्य होतं.

दिवे लागले तशी बस्त्यावनं शिटी मारली. पाण्यात सात मुलं होती. त्यातल्या एकाला शिडीशी मुंग्या आल्यासारखं झालं होतं. सातही जणांना त्यानं बाहेर काढलं, शेवटच्या दोघांना पाण्यात उतरून काखेत धरून. मग तसाच ओला शेठकडं गेला.

"दिवे बंद करा, शेठ."

"का पण? कारण सांग."

आचारी तिथं होता. तो म्हणाला, बस्त्यावनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग एवढंच म्हणाला, "भिवा येतलो, तेका विचारा."

शेठ पाहुण्यांना समजवायला वळले. बोर्डाच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात होती. बस्त्याव चेंबरकडं गेला, झाकण काढलं, पोटावर आडवा झाला, बुधवारी झाला होता तसाच, आणि ओल्या हातानं वायर धरून ओढली.

मी धक्क्यावरून पळत आलो तेव्हा त्याला काठावर उताणं ठेवलं होतं. शिटी गळ्यात क्रूसाशेजारी होती. कोणीतरी त्याचे तळपाय चोळत होतं.

चौकशी झाली. साहेबांनी डबा उघडला, हिरवा पडलेला जोड पाहिला आणि खारी हवा असं लिहिलं. माझी सही असलेला कागद फायलीत लागला. कुडाळच्या वायरमनला आणि शेठना त्रास झाला. मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट भिवानं आधीच सांगितलं होतं, दिवे लावू नका म्हणून, असं गावात म्हणू लागले. मला अजून जास्त कामं मिळायला लागली. मी ती घेतली नाहीत. वायरला पुन्हा हात लावला नाही. जाळी विणत बसलो.

हर्षद पहिलीत गेला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो. तो पाटीवर काढायचा ते मी काढायचो. तो म्हणायचा, "आजोबा, तुमचो 'क' पडलो." दोन वर्षं लागली मला. मग एक दिवस पत्र्याच्या डब्यातून ती चिठ्ठी काढली आणि स्वतः वाचली. एका ओळीला खूप वेळ लागला. बस्त्यावनं जे वाचलं होतं तेच होतं.

सबनीस बाईंना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

मग आनमारीकडं गेलो. ती ओटीवर शिरका गाळत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, खोक्यापासून होडीपर्यंत. तिनं फडकं पिळलं, बरणीवर झाकण ठेवलं.

"बोर्डावर किती स्क्रू होते?" तिनं विचारलं.

"दोन."

"दोनच?"

"दोनच."

तिनं मला बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मी अंधार पडेपर्यंत उभा राहिलो आणि घरी आलो. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आहे.

बस्त्याव पास्कू फर्नांडिस रविवार, बारा डिसेंबर दोन हजार चार रोजी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास वारला. त्याचं वय एकोणपन्नास होतं.